एडीबी आणि फास्टबूट डेस्कटॉपवर कसं टाकायचं, आणि फोन दिसत नसेल तर कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा डेस्कटॉप, त्यावर विंडोज ११, आणि फोन शाओमीचा. फोनमधली नको असलेली काही अ‍ॅप काढायची आहेत आणि एक अ‍ॅप सारखं का बंद पडतं त्याचा लॉग बघायचा आहे. एडीबी आणि फास्टबूट ही कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला कमांड देणारी गूगलची साधनं ज्यात येतात, ती प्लॅटफॉर्म-टूल्सची झिप उतरवली, एडीबीच्या फाइलवर डबल-क्लिक केलं, तर काळी खिडकी क्षणभर दिसून नाहीशी झाली. कमांड प्रॉम्प्टमध्ये एडीबी टाइप केलं तर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ आलं. मग कुणी सांगितलं म्हणून ड्रायव्हरचा एक ‘ऑल इन वन’ पॅक टाकला. एडीबी कसंबसं चालायला लागलं, पण फोनची यादी रिकामीच. आता पूर्ण अँड्रॉइड स्टुडिओ टाकावा, की विंडोजच नव्याने मारावी?

दोन्ही करू नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. ‘रेकग्नाइज्ड नाही’ ही तक्रार विंडोजची आहे, फोनचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. यादी रिकामी येणं ही कॉम्प्युटर आणि फोन यांच्यातली गोष्ट आहे, आणि एडीबी कितीही वेळा नव्याने टाकलं तरी तिच्यात फरक पडत नाही. बहुतेक लोकांचा वेळ इथेच जातो: अडलंय एकीकडे आणि दुरुस्ती चालू आहे दुसरीकडे. एडीबीचे संदेश त्रोटक असले तरी नेमके असतात. कुठला संदेश कुठल्या कडीबद्दल बोलतो आहे एवढं कळलं की पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ सहसा येत नाही.

एक सूचना आधीच. खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करा. डॅश म्हणजे साधं वजाचं चिन्ह. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश झालेला असतो आणि अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात. अशी कमांड दिसायला अगदी बरोबर दिसते आणि चालत नाही. शक्यतो हातानेच टाइप करा.

आता आत काय चालतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एडीबीचे तीन भाग असतात. पहिला क्लायंट, म्हणजे तुम्ही कमांड देता तो. दुसरा सर्व्हर. तो तुमच्याच डेस्कटॉपवर मागे चालू राहतो आणि ५०३७ या पोर्टवर (हे यूएसबीचं नाही, प्रोग्रामना एकमेकांशी बोलायचं नेटवर्कचं दार) ऐकत असतो. तिसरा भाग फोनमध्ये असतो, त्याला एडीबीडी म्हणतात, आणि यूएसबी डीबगिंग चालू केल्यावरच तो जागा होतो. कमांड दिली की क्लायंट सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर यूएसबीवरून फोनमधल्या एडीबीडीशी बोलतो. फास्टबूट मात्र वेगळं. ते फोनच्या बूटलोडरशी (फोन सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामशी) थेट बोलतं, तेव्हा फोनवर अँड्रॉइड चालूच नसतं. म्हणून एडीबी चालतं आणि फास्टबूट चालत नाही, किंवा उलट, हे अगदी शक्य आहे.

टाकण्याचा भाग छोटा आहे. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर संकेतस्थळावर ‘एसडीके प्लॅटफॉर्म-टूल्स’ नावाची झिप विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी वेगवेगळी मिळते. २०१७ पासून ती स्वतंत्रपणे मिळते. त्याआधी तिच्यासाठी अख्खं एसडीके, म्हणजे डेव्हलपरांचा पूर्ण साधनसंच, उतरवावं लागायचं, आणि ‘अँड्रॉइड स्टुडिओ टाका’ हा सल्ला त्या काळातला अजून फिरतो आहे. तुमच्या कामाला स्टुडिओ लागत नाही. ‘पंधरा सेकंदांत एडीबी’ छापाची जुनी इन्स्टॉलर पॅकेजंही टाळा. त्यांत कित्येक वर्षांपूर्वीचं एडीबी असतं आणि आजच्या फोनशी ते धड बोलत नाही. वायफायवरून फोन जोडताना लागणारी पेअर कमांड त्यात नाही, आणि पुढे आवृत्त्यांची टक्कर होते ती वेगळीच.

झिप आधी पूर्ण उघडा. फाइल एक्सप्लोरर झिपच्या आतलं फोल्डरसारखंच दाखवतो, म्हणून बरेच जण आतूनच फाइल चालवतात. मग ‘एडीबीविनएपीआय.डीएलएल सापडली नाही’ असा संदेश येतो, कारण एडीबीच्या शेजारी ज्या दोन डीएलएल फाइली असाव्या लागतात त्या झिपमध्येच राहिलेल्या असतात. राइट-क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा आणि ‘प्लॅटफॉर्म-टूल्स’ हे फोल्डर थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, म्हणजे पत्ता सी:\प्लॅटफॉर्म-टूल्स असा छोटा राहील. डाउनलोड्समध्ये ठेवू नका, साफसफाईत उडतं. डेस्कटॉपवर ठेवलं आणि वनड्राइव्ह डेस्कटॉप सिंक करत असेल तर पत्ताच बदललेला असतो. विंडोजच्या यूजरचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर घरच्या फोल्डरबाहेर ठेवणं जास्तच सोयीचं.

काळी खिडकी उघडून बंद होते, त्यात काही बिघडलेलं नाही. एडीबीला खिडकी-बटणं नाहीत. नुसतं चालवलं तर ते मदतीचा मजकूर छापतं आणि संपतं, म्हणून खिडकीही जाते. तुमचा प्रोग्राम चालला होता हाच त्याचा अर्थ. फाइल एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर उघडा, वर पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट त्याच जागी उघडेल. तिथे ‘एडीबी व्हर्जन’ द्या. तीन-चार ओळी येतील: एक एडीबीची आवृत्ती १.०.४१ अशी, एक प्लॅटफॉर्म-टूल्सची आवृत्ती, आणि एक ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅज’ या शब्दांनी सुरू होणारी, ज्यात चालू असलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो. ही पत्त्याची ओळ नीट वाचायची सवय लावा, पुढे कामी येणार आहे.

विंडोज ११ मध्ये ‘ओपन इन टर्मिनल’ केलं तर सहसा पॉवरशेल उघडतं, आणि पॉवरशेल समोरच्या फोल्डरमधला प्रोग्राम नुसत्या नावाने चालवत नाही. नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. तुमचं ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ यातून आलं असेल किंवा पाथमधून (पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधते त्यांची यादी). दोन्हींवर कायमचा इलाज एकच, पाथमध्ये फोल्डर टाकायचं. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायरनमेंट’ शोधा, ‘एडिट एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’ उघडा, वरच्या चौकटीत पाथ निवडून एडिट, मग न्यू, आणि तिथे फोल्डरचा पत्ता. फाइलचा नाही, फोल्डरचा. मग दोन्ही खिडक्यांना ओके. आधीपासून उघडी असलेली टर्मिनल खिडकी जुनाच पाथ धरून बसलेली असते, ती बंद करून नवी उघडा. इंटरनेटवर ‘सेटएक्स’ कमांडने पाथ बदलायचा शॉर्टकट सांगतात, तो वापरू नका. सेटएक्स १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकतं, आणि पाथ लांब असेल तर दुसऱ्याच प्रोग्रामचे पत्ते गायब होतात.

हे सगळं टाळायचं असेल तर ‘विंगेट इन्स्टॉल गूगल.प्लॅटफॉर्मटूल्स’ ही एक कमांड उतरवणं आणि पाथ दोन्ही करते. मला मात्र पहिल्यांदा टाकणाऱ्याने हाताने टाकलेलं बरं वाटतं. फाइल कुठे आहे ते डोक्यात राहतं, आणि अडचण आली की शोध तिथूनच सुरू करावा लागतो.

आता फोन. अँड्रॉइड ४.२ पासून डेव्हलपर ऑप्शन्स लपवलेले असतात. बहुतेक फोनमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करायचं. सॅमसंगमध्ये तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो. शाओमीत बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय किंवा ओएसच्या आवृत्तीवर टॅप करायचं, आणि उघडलेले पर्याय ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये सापडतात. तिथे ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा. शाओमीत त्याच्या खाली आणखी दोन खटके आहेत. ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ बंद असेल तर एडीबीने अ‍ॅप टाकताना ‘इन्स्टॉल फेल्ड यूजर रिस्ट्रिक्टेड’ येतं. ‘यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ बंद असेल तर कमांडने परवानग्या देणं किंवा स्क्रीनवर टॅप पाठवणं जमत नाही. हे दोन चालू करायला फोन शाओमी खात्यात साइन इन केलेला लागतो आणि सिमही आत असावं लागतं. लॉग बघायला आणि यादी काढायला पहिला खटका पुरतो.

सॅमसंगच्या नव्या फोनवर यूएसबी डीबगिंगचा खटका धूसर दिसत असेल तर सिक्युरिटीतलं ‘ऑटो ब्लॉकर’ चालू आहे. तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती फार जण विचारतात. स्क्रीन फुटली आहे, टच चालत नाही, आणि आधी डीबगिंग कधी चालूच केलं नव्हतं, अशा फोनमधून एडीबीने फोटो काढता येत नाहीत. खटका फोनच्या स्क्रीनवरच चालू करावा लागतो आणि परवानगीही तिथेच द्यावी लागते. असं काही विकत देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे देऊ नका. डिस्प्ले बदलून घेणं किंवा फोनला ओटीजीने माउस जोडता येतो का ते पाहणं, हेच खरे मार्ग.

केबलबद्दल. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली, हा निष्कर्ष चुकीचा. ज्या केबलने फोटो कॉम्प्युटरवर कॉपी झालेत, ती घ्या. आणि डेस्कटॉप असेल तर फोन कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीला लावू नका, मागे मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या एका वेगळ्या केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती केबल सैल किंवा हलकी असली तरी माउस, कीबोर्ड बिनतक्रार चालतात, पण फोन मध्येच तुटतो आणि यादीत ‘ऑफलाइन’ दिसतो. दोन्ही टोकांना सी प्रकार असलेल्या केबलने कधी कधी कॉम्प्युटरऐवजी फोन स्वतःच यजमान (जोडणी चालवणारी बाजू) होऊन बसतो. तेव्हा एका टोकाला जुना चौकोनी ए प्रकार असलेली केबल वापरली की प्रश्न सुटतो.

फोन लावल्यावर लगेच एडीबीकडे वळण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. तुमच्या रिकाम्या यादीचं उत्तर तिथेच आहे. फोनची केबल काढा, लावा, आणि यादीत काय बदलतं ते बघा. चार शक्यता असतात.

काहीच बदलत नाही, विंडोजचा ‘टुंग’ आवाजही येत नाही: केबल, पोर्ट किंवा फोनचं चार्जिंग सॉकेट. सॉकेटमध्ये साचलेला कापसासारखा मळ हेही एक नेहमीचं कारण आहे. ड्रायव्हरचा इथे काही संबंध नाही.

‘पोर्टेबल डिव्हाइसेस’मध्ये फोनचं नाव येतं, पण एडीबी असं काही कुठेच नाही: केबल ठीक, फाइल ट्रान्सफर चालू, पण यूएसबी डीबगिंग बंद आहे. फोनकडे जा. अपडेटनंतर किंवा डेव्हलपर ऑप्शन्स बंद-चालू केल्यावर हा खटका बंद पडलेला असतो.

‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह फोनचं मॉडेल किंवा ‘एडीबी इंटरफेस’ दिसतं: फोन त्याच्या बाजूने सगळं बरोबर सांगतो आहे, विंडोजला ड्रायव्हर सापडत नाही. ड्रायव्हरचं काम फक्त या एका प्रसंगात आहे.

‘अँड्रॉइड डिव्हाइस’ किंवा तशा गटाखाली ‘एडीबी इंटरफेस’ विनात्रिकोण दिसतं आणि तरी यादी रिकामी: मग सर्व्हरच्या बाजूला गडबड आहे, त्याकडे खाली येतो.

ड्रायव्हर लागलाच तर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर घ्या, तोही झिपमध्येच मिळतो. त्याच्या आयएनएफ फाइलमध्ये फक्त गूगलच्या स्वतःच्या फोनांचे क्रमांक लिहिलेले आहेत. म्हणून शाओमी किंवा दुसऱ्या फोनला तो आपोआप चिकटत नाही, आणि लोक समजतात ड्रायव्हर खराब आहे. हाताने चिकटवता येतो. त्रिकोणवाल्या नोंदीवर राइट-क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग खालचा ‘लेट मी पिक’ हा पर्याय, ‘शो ऑल डिव्हाइसेस’, ‘हॅव डिस्क’, आणि उघडलेल्या झिपमधली ‘अँड्रॉइड_विनयूएसबी’ ही आयएनएफ फाइल दाखवा. यादीतून ‘अँड्रॉइड एडीबी इंटरफेस’ निवडा. विंडोज इशारा देईल की हा ड्रायव्हर या उपकरणासाठी शिफारस केलेला नाही. ‘येस’ म्हणा. हे बिनधोक आहे, कारण एडीबीचा यूएसबी इंटरफेस सगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये सारखाच असतो आणि हा ड्रायव्हर म्हणजे शेवटी विंडोजचाच विनयूएसबी.

तुम्ही टाकलेला ‘ऑल इन वन’ पॅक मात्र काढा. एकतर तो कुणी बनवला हे कळायला मार्ग नसतो. दुसरं म्हणजे तो जुने ड्रायव्हर वरच्या पसंतीने बसवून ठेवतो आणि नवे लागू देत नाही. फोन जोडलेला असताना डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्याच्या नोंदीवर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, ‘अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर’ या चौकोनावर खूण करा, फोन काढून पुन्हा लावा. पुन्हा तोच जुना ड्रायव्हर येत असेल तर तीच कृती पुन्हा, कारण एकाखाली एक दोन-तीन दडलेले असतात. एखादा पॅक ‘ड्रायव्हर सिग्नेचर तपासणी बंद करा’ असं सांगत असेल तर तिथेच थांबा. एडीबीसाठी त्याची कधीच गरज नसते.

आता ‘एडीबी डिव्हाइसेस’ द्या. फोनच्या अनुक्रमांकापुढे एक शब्द येतो, आणि सगळी माहिती त्या शब्दात असते.

‘डिव्हाइस’ म्हणजे सगळं जुळलं.

‘अनऑथोराइज्ड’ म्हणजे केबल, ड्रायव्हर, सर्व्हर सगळं ठीक, फक्त फोनने तुमच्या कॉम्प्युटरला होकार दिलेला नाही. अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक कॉम्प्युटरची एक आरएसए किल्ली फोनला मान्य करावी लागते. फोन अनलॉक करा, स्क्रीनवर ‘अलाउ यूएसबी डीबगिंग?’ ही चौकट असेल. स्वतःचा कॉम्प्युटर असेल तरच ‘ऑलवेज अलाउ’वर खूण करा. चौकट येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधून ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स’ करा, डीबगिंग बंद-चालू करा, केबल पुन्हा लावा. तरीही नाही आली तर ‘एडीबी किल-सर्व्हर’ देऊन विंडोजच्या तुमच्या यूजर फोल्डरमधलं ‘.अँड्रॉइड’ फोल्डर उघडा आणि त्यातल्या ‘एडीबीकी’ आणि ‘एडीबीकी.पब’ या दोन फाइली बाजूला काढा. पुढच्या वेळी नवी जोडी तयार होते आणि फोन नव्याने विचारतो. अँड्रॉइड ११ पासून, सात दिवस न जोडलेल्या कॉम्प्युटरची मान्यता फोन आपोआप रद्द करतो. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यात चालत होतं’ यात गूढ काही नाही.

‘ऑफलाइन’ म्हणजे फोन दिसतो पण उत्तर देत नाही. आधी पोर्ट आणि केबल बदला, मग सर्व्हर मारून पुन्हा सुरू करा, मग फोन रीस्टार्ट. याच क्रमाने, कारण बहुतेकदा पहिल्यातच सुटतं.

सर्व्हरच्या टकरीबद्दल. ‘सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच धिस क्लायंट’ असा संदेश येऊन सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, किंवा फोन यादीत येतो-जातो असं होत असेल, तर तुमच्या डेस्कटॉपवर एकाहून जास्त एडीबी आहेत. अँड्रॉइडचे एम्युलेटर, फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर दाखवणारे प्रोग्राम आणि मोबाइल कंपन्यांचे पीसी सूट स्वतःचं एडीबी सोबत आणतात. ५०३७ हे पोर्ट एकच. जुन्या आवृत्तीचा सर्व्हर आधी बसला की नवा क्लायंट त्याला मारतो, मग तो दुसरा प्रोग्राम आपला सर्व्हर पुन्हा सुरू करतो, आणि हे चालूच राहतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर एडीबी’ द्या, पाथमधली सगळी एडीबी ओळीने दिसतील, त्यातली सर्वांत वरची चालते. पाथमध्ये नसलेली टास्क मॅनेजरमध्ये सापडतात: एडीबीच्या प्रक्रियेवर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’. नको असलेला प्रोग्राम काढा किंवा निदान काम करताना बंद ठेवा.

लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, परवानगी लागते. उबुंटू किंवा डेबियनवर ‘एपीटी’ने एडीबी आणि फास्टबूट ही दोन पॅकेजं घ्या, आणि सोबत ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे तिसरंही आलंय याची खात्री करा, कारण यूडेव्हचे, म्हणजे जोडलेलं उपकरण कुणाला वापरता येईल ते ठरवणारे, नियम त्यात असतात. यादीत ‘नो परमिशन्स’ दिसलं तर स्वतःला ‘प्लगडेव्ह’ गटात घाला आणि पूर्ण लॉगआउट होऊन परत या. नुसती टर्मिनल बंद करून चालत नाही. सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने, एडीबी चालवायची सवय नको: मग सर्व्हर रूटच्या नावाने चालतो, किल्ल्या रूटच्या फोल्डरमध्ये जातात, आणि नंतर साध्या यूजरने तोच फोन पुन्हा अनऑथोराइज्ड दिसतो. मॅकवर यातलं काहीच नाही. होमब्रू असेल तर ‘अँड्रॉइड-प्लॅटफॉर्म-टूल्स’ हे कास्क टाकायचं. झिप हाताने उघडली असेल तर पाथ झेडएसएचआरसी फाइलमध्ये लिहायचा.

फास्टबूटला गेलात तर हे लक्षात ठेवा. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ दिल्यावर फोन यूएसबीवर नव्याच ओळखीने उभा राहतो. विंडोजला तो वेगळा डिव्हाइस वाटतो आणि ड्रायव्हर पुन्हा मागतो. कृती वरचीच, फक्त यादीतून ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडायचा. तपासायला ‘फास्टबूट डिव्हाइसेस’. या अवस्थेत ‘एडीबी डिव्हाइसेस’ रिकामंच येणार, त्यात चूक नाही. फास्टबूट ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडकलं आणि ड्रायव्हर ठीक असेल तर यूएसबी २.० पोर्टला लावून बघा. काही डेस्कटॉपवर ३.० पोर्ट फास्टबूटला दाद देत नाहीत, आणि मध्ये २.० चा साधा हब लावला तरी काम होतं. सॅमसंगच्या फोनमध्ये फास्टबूट नसतंच, तिथे डाउनलोड मोड असतो, तेव्हा त्या फोनवर वेळ घालवू नका. आणि बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, म्हणून ती कमांड ‘बघू काय होतं’ म्हणून देऊ नका. तुमच्या कामाला ती लागतही नाही.

तुमच्या मूळ कामाकडे येऊ. बंद पडणाऱ्या अ‍ॅपसाठी ‘एडीबी लॉगकॅट -बी क्रॅश’ द्या, म्हणजे फक्त क्रॅशच्या नोंदी येतील. आधी ‘एडीबी लॉगकॅट -बी क्रॅश -सी’ ने जुन्या नोंदी पुसा, मग अ‍ॅप उघडून ते बंद पडू द्या, आणि ‘फेटल एक्सेप्शन’पासून पुढचं वाचा. खरं कारण बरेचदा सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’ या ओळीत असतं. सगळा लॉग कुणाला पाठवायचा असेल तर आधी चाळा, त्यात ईमेल पत्ते आणि ठिकाणं सापडू शकतात. स्क्रीनशॉट ‘एक्झेक-आउट’ने फाइलमध्ये घ्यायचा असेल तर कमांड प्रॉम्प्ट वापरा. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ ‘पेक्षा मोठं’ (>) या चिन्हाने फाइलमध्ये वळवलेलं चित्र मजकूर समजून बदलतं आणि मग ते उघडतच नाही.

अ‍ॅप काढताना आधी ‘एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस’ने यादी काढून फाइलमध्ये जपून ठेवा. मग ‘एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --यूजर ०’ आणि पुढे पॅकेजचं नाव. यात अ‍ॅप फक्त तुमच्या यूजरपुरतं जातं, सिस्टिममध्ये मूळ प्रत राहते. ‘एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ आणि तेच नाव दिलं की परत येतं. पण परत आणायला फोन सुरू व्हावा लागतो. शाओमीच्या काही फोनवर ‘फाइंड डिव्हाइस’चं पॅकेज काढल्यावर फोन सुरूच होत नाही आणि शेवटी सगळं पुसावं लागतं. म्हणून एकदम पन्नास पॅकेजची यादी चालवू नका. एकेक काढा, दर चार-पाचांनी फोन रीस्टार्ट करून बघा, आणि ज्याचं काम काय ते माहीत नाही त्याला हात लावू नका.

काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा. बँकांची बरीच अ‍ॅप ते चालू असताना उघडत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे, कारण मान्यता मिळालेला कॉम्प्युटर फोनमध्ये बरंच काही करू शकतो. सायबर कॅफेत किंवा दुरुस्तीच्या दुकानात कधी होकार दिला असेल तर ‘रिव्होक’ करूनच घरी या. वायफायवरून जोडायचं असेल तर अँड्रॉइड ११ पासूनचं ‘वायरलेस डीबगिंग’ वापरा. त्यात आधी ‘एडीबी पेअर’ला सहा आकडी कोड, मग ‘एडीबी कनेक्ट’. दोन्हींचे पोर्ट वेगळे असतात, पेअरच्या चौकटीतला पोर्ट कनेक्टला देऊ नका. जुनी ५५५५ पोर्ट उघडी ठेवण्याची पद्धत घरच्या नेटवर्कबाहेर वापरू नका. २०१८ मध्ये ‘एडीबी.मायनर’ नावाचा मालवेअर नेमका या उघड्या पोर्टांतून टीव्ही बॉक्स आणि फोनांत शिरला होता.

इतकं करून अडलंच, तर पुढच्या वेळी या गोष्टी लिहा: ‘एडीबी व्हर्जन’चा पूर्ण मजकूर, ‘व्हेअर एडीबी’चा मजकूर, ‘एडीबी डिव्हाइसेस -एल’चा मजकूर (अनुक्रमांक झाकून), फोन मागच्या पोर्टला लावलाय की पुढच्या, आणि केबल काढ-घाल करताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठली नोंद येते-जाते. त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर आयडीज’ असतं, तेही द्या.